लाल मातीची दाढ

दतकोमाच्या घळीत लाल मातीचा एक पट्टा शोधायचा, एवढंच काम होतं. हातभर रुंद असला तरी चालेल, बोटभर असला तरी चालेल, पण लाल हवा! तो सापडला की हुमेद खोटं बोलला नव्हता हे ठरणार होतं. हुमेदला जमिनीत ठेवून त्या दिवशी बेचाळीस दिवस झाले होते.

या कामाला निघालेली हस्ना ही हुमेदची मुलगी. वय पस्तीस. अदिस अबाबातल्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसून ती भिंगाखाली, सुईच्या टोकाने, दगडात अडकलेली हाडं मोकळी करते. लाखो वर्षांपूर्वी अवाश नदीकाठी दोन पायांवर चालणारे, पण अजून पुरते माणूस न झालेले जे कोणी होते, त्यांची हाडं. त्याच खोलीतल्या एका खणात, कापसावर, एक दाढ आहे. वरच्या जबड्याची, डाव्या बाजूची पहिली. तिच्या चिठ्ठीवर कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलं आहे : 'स्थान संशयास्पद.' ही दाढ हुमेदने आणली होती.

बावीस वर्षांपूर्वी हुमेद शास्त्रज्ञांच्या तळावर हाडं हुडकायच्या कामावर होता. त्याच्यासारखी नजर साऱ्या अफार मुलखात नव्हती. सूर्य खाली असताना, उन्हाकडे तोंड करून, उतारावरून पावलापावलाने चालायचं. दात दगडापेक्षा वेगळा चमकतो, ओला असल्यासारखा. दिसला तरी हात लावायचा नाही! बाजूला तीन दगड रचायचे आणि हाक मारायची. कारण दात एकटा अर्धंच सांगतो. वरचं कवच किती जाड आहे त्यावरून तो काय चावत होता ते कळतं, झीज किती झाली त्यावरून वय कळतं. पण तो कधी जगला हे भोवतालची माती सांगते. माती हरवली की दात मुका होतो.

आणि ज्याने हा नियम इतरांना शिकवला त्या हुमेदनेच ती दाढ उचलून, कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधून तळावर आणली. कुठं सापडली? दतकोमाच्या घळीत, तो म्हणाला. सारा तळ तिकडे धावला. तीन दिवस चाळण्या फिरल्या. काही नाही! दतकोमाची माती राखेसारखी करडी, आणि दाढेच्या मुळांच्या बेचक्यात अडकलेले कण लालभडक. तळाचा प्रमुख ओरडला नाही. त्याने वहीत दोन शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवशी हुमेदला कामावर बोलावलं नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण अफार मुलखात दोन माणसं वाटेत भेटली की बसतात, आणि दागू होतो. काय पाहिलं, काय ऐकलं, पाणी कुठं, गवत कुठं, कोण गेलं, कोणाचं ठरलं. सगळं सांगायचं, आणि सगळं खरं सांगायचं. त्या वैराण मुलखात माणसं दागूवर जगतात. हुमेदने दतकोमाचं नाव दागूतही सांगितलं होतं. त्यानंतर लोक त्याच्यापुढे बसत, त्याचं सगळं ऐकून घेत, आणि पुढचा वाटसरू आला की त्याला तेच पुन्हा विचारत. हुमेदच्या देखत. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. बावीस वर्षांत त्याला कोणी साक्षीला मात्र बोलावलं नाही.

शेवटच्या आजारात हस्नाने एकदाच विचारलं होतं. "दतकोमा," तो म्हणाला, आणि कूस बदलली.

बरोबर दोघे होते. एक हुमेदचा थोरला भाऊ याय्यो, सत्तरीचा, कुळाचा म्होरक्या. त्याचे पुढचे दात जुन्या रीतीने कानशीने टोकदार केलेले, आता झिजून बोथट झालेले. दुसरा गद्दो, हस्नाच्या आत्याचा मुलगा, खांद्यावर जुनी बंदूक आणि हाती उंटाची दोरी. रीतीप्रमाणे हस्नाशी लग्न करायचा हक्क गद्दोचा होता. तिने सतराव्या वर्षी नकार देऊन शहर गाठलं. गद्दोला आता बायको आहे, पाच पोरं आहेत, आणि थट्टेला जन्मभर पुरेल असा विषय आहे.

"माझ्याशी लग्न केलं असतंस तर आज घरी बसून दूध घुसळलं असतंस," तो निघतानाच म्हणाला. "एवढी शिकलीस, आणि मिळवलंस काय? दगड!"

"तुला तरी काय मिळालं? उंट. त्याचे दात बघ, तुझ्यापेक्षा बरे आहेत."

"तो चहात साखर घालत नाही म्हणून!"

याय्यो हसला नाही. "दतकोमात काही नाही, पोरी," तो म्हणाला. "तेव्हाही नव्हतं."

"मग तुम्ही कशाला येताय, काका?"

"तुला एकटीला कसं सोडू?"

उंटावर पाण्याचे दोन पिवळे डबे होते, हस्नाच्या कमरेला जागा नोंदवणारं यंत्र. बेत सरळ होता. दोन दिवस दतकोमात शोधायचं, तिसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या हलीबाडच्या विहिरीवर डबे भरायचे आणि परत फिरायचं.

पहिल्याच सकाळी दूरवरून एक म्हातारी शेळ्या हाकत येताना दिसली. तिने लांबूनच काठी उंचावली आणि एका काटेरी झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसकण मारली. दागूसाठी! गद्दोने उंट थांबवला.

"चल," याय्यो म्हणाला.

"मामा, म्हातारी बसलीय."

"बसू दे. ऊन चढतंय. हिला सकाळचा उजेड हवाय ना शोधायला?"

हस्नाला उजेड हवाच होता. ती गप्प राहिली. पण तिला नवल वाटलं. कुळाचा म्होरक्या दागू टाळतो? आपल्या डोळ्यांनी पाहूनही खरं वाटेना असं ते होतं.

मागून म्हातारीचा कर्कश आवाज आला. "अरे ए! मुके आहात काय? मढ्यालासुद्धा एवढी घाई नसते!" पुढचं वाऱ्याने नेलं.

दतकोमा म्हणजे काळा डोंगर, पण त्याच्या पोटातली घळ काळी नाही. लाखो वर्षांच्या ज्वालामुखींची राख तिथं थरांवर थर साचली आहे, आणि पावसाच्या दुर्मीळ लोंढ्यांनी ती अशी कापून काढली आहे की दोन्ही बाजूंना करड्या भिंती उभ्या राहतात, आणि माणूस त्यांच्यामधून चालू लागला की त्याच्या पावलांचा आवाजसुद्धा त्या पिऊन टाकतात. हस्नाने दीड दिवस त्या भिंती वाचल्या. रानडुकराची दाढ सापडली, पाणघोड्याच्या सुळ्याचे तुकडे सापडले, एका माकडाचा खालचा जबडा सापडला. प्रत्येकापाशी तिने तीन दगड रचले आणि पुढे गेली. लाल काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घळीच्या शेवटच्या वळणावर, काठाच्या दोन पुरुष खाली तिला ते दिसलं. भिंतीत आडवी गेलेली एक रेघ. तांबूस!

"गद्दो! दोर!"

"उतरताना मान मोडलीस तर मी काय सांगू मामाला?"

"तुझे मामा इथंच उभे आहेत. दोर टाक!"

दोराचं एक टोक काठावरच्या उंटाच्या खोगिराला, दुसरं तिच्या कमरेला. ती खाली उतरू लागली. राख बोटांखाली भुसभुशीत होत होती. एक पाय. दुसरा पाय. हात रेघेपर्यंत पोचला. तिने नखाने खरवडलं. लाल! आणखी खरवडलं. हातोडीच्या टोकाने वीतभर आत गेली.

करडं. आत सगळं करडं. वरून झिरपलेल्या पाण्याने कातळातलं लोखंड गंजलं होतं, आणि तो गंज कागदाइतका पातळ होता.

तिने कपाळ भिंतीला टेकवलं. तेवढ्यात पायाखालचा कंगोरा सुटला! ती घसरली. दोर ताणला. वर उंट दचकला, मागचे पाय फाकले, आणि तो कुशीवर आदळला. फट्! एक पिवळा डबा दगडावर फुटला. हस्ना अधांतरी लोंबकळत राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत पाणी भिंतीवरून ओघळत राखेत मुरलं. करड्या भिंतीवर एक काळी रेघ उमटली आणि क्षणात वाळून गेली.

गद्दोने तिला वर ओढलं. तिचे दोन्ही गुडघे सोलले होते. उंट उठला, पण लंगडत होता.

"पाहिलंस?" याय्यो म्हणाला. "आता परत फिर."

"पाहिलं," हस्ना म्हणाली. तिला बापाचा राग आला होता. हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत ते हलीबाडला पोचले. दुसरा डबा रिकामा झाला होता. विहिरीच्या तोंडावर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या. गद्दो जागीच थांबला. वास नंतर आला.

आत एक उंटाचं पिल्लू पडलं होतं. आठवडा झाला असावा. पाणी हिरवंकाळं, त्यावर माशांचा थर.

"म्हातारी," गद्दो म्हणाला. "ती या बाजूनेच येत होती. तिला ठाऊक होतं! मामा, तिला हे ठाऊक होतं!"

याय्यो विहिरीकडे पाहत राहिला.

"आपण बसलो असतो तर तिने पहिलं हेच सांगितलं असतं! कोणी टाकतं का असा दागू? लहान पोर टाकत नाही!"

"ओरडू नको," याय्यो म्हणाला. "तोंड कोरडं पडतं."

नदी दीड दिवसावर होती. ते नदीच्या दिशेने निघाले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ऊन वरून पडत नव्हतं, जमिनीतून उगवत होतं. तासाभराने हस्नाची जीभ टाळूला चिकटू लागली. दोन तासांनी तिला घाम येणं थांबलं. गद्दोच्या थट्टा आधी लहान झाल्या, मग संपल्या. लंगडा उंट एका खडकाच्या आडोशाला बसला आणि उठेना. गद्दोने त्याला मारलं, समजावलं, शेवटी त्याच्या मानेवर डोकं ठेवून तोही बसला. त्याचे डोळे अर्धे मिटले होते.

"मला पाच पोरं आहेत," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

हस्ना खाली कोसळली. खडे गालाला भाजत होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. आता पुढे काय होतं हे तिला नीट माहीत होतं. त्यानंतरचं काम तर तिच्या रोजच्या धंद्यातलंच होतं.

याय्योने चारी बाजूंना नजर फिरवली. मग तो तिच्याजवळ वाकला.

"तुझं ते जागा सांगणारं यंत्र. बंद कर."

"काय?"

"बंद कर. त्यातल्या बॅटऱ्या काढ आणि मला दे."

तिची बोटं चालेनात. त्यानेच ओढून काढल्या आणि कमरेला खोचल्या. मग त्याने गद्दोला काखेत हात घालून उभं केलं. "ऊठ. हजार पावलं. मोज."

ते नदीकडे नाही गेले. खडकाला वळसा घालून, उलट बाजूने, एका अशा भेगेत शिरले की जी चार पावलांवरूनही सावलीसारखी दिसत होती. आत थंड होतं! भेग वळली. पुन्हा वळली. गद्दो आकडे पुटपुटत होता, सातशे नव्वद, सातशे एक्क्याण्णव, आणि मध्येच थबकला.

पाणी!

कपारीखाली, एका गुरालाही उभं राहून पिता येणार नाही असं, पण गुडघाभर खोल, स्वच्छ पाणी. वरून थेंब थेंब झिरपत होतं. हस्ना पोटावर पडली आणि प्यायली. ओकली. पुन्हा प्यायली. गद्दो हसत होता, रडत होता, डोक्यावर ओंजळी ओतत होता.

"एवढं पाणी इथं होतं!" तो ओरडला. "मामा! बावीस वर्षांमागच्या त्या दुष्काळात तुम्ही पखाली आणायचात. नदीवरून आणतो म्हणायचात!"

"कुळातल्या चौघांना माहीत होतं. आता मी एकटाच उरलोय," याय्यो म्हणाला. "आणि तुम्ही दोघं."

हस्नाने डोकं वर केलं. भिजलेल्या तळहाताकडे पाहिलं. तळहात लाल झाला होता.

तिने भिंतीकडे पाहिलं. तळापासून डोक्यापर्यंत लालभडक माती.

ती उठली. आता तिला काही शोधायचं नव्हतं, तरी डोळे आपोआप उताराला लागले. पाण्यापासून दहा पावलांवर, बसून पाणी भरणाऱ्या माणसाची नजर जिथं सहज जाईल तिथं, मातीतून एक कड बाहेर आली होती. डोळ्याच्या खाचेची कड. तिने ब्रश काढला. अर्ध्या तासात एका चेहऱ्याचा डावा भाग मोकळा झाला, गालाचं जाड हाड आणि वरचा जबडा, टाळूसकट.

डाव्या बाजूला, पहिल्या दाढेच्या जागी, रिकामी खोबण होती. कडा धारदार. म्हणजे हा दात मेल्यानंतर, फार नंतर, माती धुपताना गळाला. हस्नाने खिशातून कागदाची पुडी काढली. खणातल्या त्या दाढेची प्लास्टरची प्रतिकृती तिने स्वतः केली होती. तिने ती खोबणीत टेकवली आणि बोटाने दाबली.

बसली! तिन्ही मुळं आपापल्या खळगीत बसली, आणि शेजारच्या दाढेशी घासून पडलेली रेघ तंतोतंत जुळली.

"अब्बा," ती म्हणाली.

मग मागे न पाहता ती याय्योला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"त्यांनी दाढ इथून उचलली."

"पहाटे पखाल भरताना. मी म्हटलं, ठेव तिथंच. तो म्हणाला, दादा, ही उद्या लोंढ्यात जाईल, मला बघवणार नाही. मग मीच सांगितलं, विचारलं तर दतकोमा म्हण. त्या तळावर चाळीस माणसं होती, तीन ट्रक होते. आठ दिवसांत उपसलं असतं त्यांनी हे. आपली तीस घरं यावर जगत होती, पोरी."

"खरंय," हस्ना म्हणाली. "ते मला पटतं. त्या साली पटतं. पुढल्या साली पाऊस झाला. त्याच्या पुढल्या सालीही झाला. पाणी कुठं आहे ते सांगू नका. पण माझा भाऊ खोटा नाही, एवढं तरी दागूत सांगता आलं असतं."

"लोकांनी विचारलं असतं, मग खरं काय? एक धागा सुटला की..."

"काका."

तो थांबला. आपले बोथट दात त्याने ओठांवर दाबले. "आधी पाण्यासाठी गप्प बसलो," तो म्हणाला. "नंतर गप्प बसलो होतो याची लाज वाटली, म्हणून गप्प बसलो."

"म्हणून त्या म्हातारीपाशी बसला नाहीत."

"बसलो असतो तर दतकोमात काय शोधायला चाललोय ते सांगावं लागलं असतं. हुमेदचं नाव काढावं लागलं असतं."

गद्दो पाण्याकडे तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "हुमेदमामाला माझ्या लग्नात साक्षीला बसवलं नाही. मीच म्हटलं होतं, नको म्हणून."

हस्नाने जबडा थोडा कलता केला. "इकडे बघा, काका. उजव्या बाजूला बघा. इथं तीन दाढांच्या जागा हाडाने बुजल्यात, गुळगुळीत. म्हणजे या दाढा जिवंतपणीच पडल्या, मरायच्या कितीतरी वर्षं आधी. उरलेल्या पार हिरडीपर्यंत घासल्यात. याला मुळं चावता येत नसणार, बी फोडता येत नसणार. तरी हा जगला. कोणीतरी ठेचून, मऊ करून याच्या तोंडात घालत होतं."

"मग?"

"मग काही नाही. याच्या माणसांना बोलताही येत नसेल बहुतेक. पण त्यांनी याला टाकलं नाही."

याय्योने कमरेच्या बॅटऱ्या काढल्या आणि तिच्यापुढे जमिनीवर ठेवल्या.

आता एक कळ दाबायचा अवकाश होता! जागा नोंदली जाईल, माती तपासली जाईल, हा चेहरा किती लाख वर्षांचा ते कळेल. खणातली चिठ्ठी बदलेल. दाढ बोलेल, आणि हुमेदचं नाव पहिल्या ओळीत येईल. हस्नाने बॅटऱ्या उचलल्या. त्या तिने हातात धरून ठेवल्या. हलीबाड मेली होती. पाऊस तीन महिने लांब होता. आठ दिवसांत कुळाला इथं यावं लागणार होतं, गद्दोच्या पाच पोरांसकट. आणि कवटी जागेशिवाय उचलून नेली तर तिचीही चिठ्ठी तीच होणार, 'स्थान संशयास्पद'. फक्त या वेळी खोटं सांगणारी ती असणार.

तिने प्लास्टरची दाढ खोबणीतून काढून घेतली. ती खोटी होती, तिथं ठेवण्यात अर्थ नव्हता. हाडावर तिने बाटलीतलं पक्कं करायचं द्रव थेंब थेंब सोडलं, वाळू दिलं, वर माती चढवली, मातीवर सपाट दगड लावले. दोन पावसाळे टिकेल. फार तर तीन. खूण म्हणून तिने एकही दगड रचला नाही.

"एक अट आहे," ती याय्योला म्हणाली. "वाटेत पहिलं जे माणूस भेटेल, त्याच्यापुढे तुम्ही बसायचं."

उंटाला पाणी आणून पाजलं आणि दुसऱ्या दिवशी ते निघाले. दुपारी, नदीच्या झाडांची रेघ दिसू लागली तेव्हा, समोरून एक तरुण आला. दोन उंटांवर घराच्या चटया आणि वाकवलेले बांबू लादलेले, मागे बायको, तिच्या पाठीवर मूल. त्याने हात वर केला. याय्यो बसला. तरुण त्याच्यापुढे बसला. दोघांनी एकमेकांच्या हाताला ओठ लावले.

"काय पाहिलंत? काय ऐकलंत?"

याय्योने सांगितलं. दतकोमाकडे गवत नाही. आमचा उंट लंगडा झाला. हलीबाडच्या विहिरीत पिल्लू पडून पाणी नासलंय. एका म्हातारीने दागूसाठी काठी उंचावली, आम्ही थांबलो नाही, ती आमची चूक. मग तो थांबला. तरुण वाट पाहत होता. हस्ना उभी होती.

"आणखी एक," याय्यो म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वी माझा भाऊ हुमेद दागूत एका जागेचं नाव चुकीचं सांगत होता. ते त्याच्या तोंडी मी घातलं होतं. का घातलं ते कुळाचं आहे, ते मी सांगणार नाही. पण तो खोटा नव्हता. खोटा मी. हे पुढे सांग. भेटेल त्याला सांग."

तरुणाने नीट ऐकलं. ऐकलेलं विसरू नये म्हणून ओठांनी एकदा घोकलंही. मग त्याने मान वर केली.

"कोण हुमेद?"

हस्ना एक पाऊल पुढे आली.

"आमच्याकडे हे नाव कधी आलं नाही," तो अदबीने म्हणाला. "पण सांगेन. भेटेल त्याला सांगेन." त्याने मागे बायकोकडे पाहिलं, पाठीवरच्या मुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढे सरकून बसला. "बाबा, ते हलीबाडच्या विहिरीचं काय म्हणालात? आम्ही तिकडेच निघालोय. ते जरा परत सांगा."

याय्योने हस्नाकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग त्याने विहिरीचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता.